चांगुणाताईंचं मीटर

चांगुणाताईंबद्दल लिहायचं मी बारा वर्षं टाळलं. बोलायचंही टाळलं. किन्हवलीच्या बाजारात कुणी त्यांचं नाव काढलं की मी भाजीवाल्याशी उगाच घासाघीस सुरू करायचो. घरात विषय निघाला की हातपाय धुवायला उठायचो. आता माझं वय एकोणसत्तर आहे, आणि ज्यांच्यासमोर बोलायला हवं होतं त्या राहिलेल्या नाहीत. तेव्हा निदान लिहून ठेवतो. त्यांच्याविषयी पाड्यावर जे बोललं गेलं ते खोटं होतं. ते खोटं आहे हे एका माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो माणूस मी.

मी मीटर रीडर होतो. कायम नोकरीतला नव्हे, ठेकेदाराकडचा. किन्हवलीपासून डोळखांबच्या अंगाला जाणारे दहाबारा पाडे माझ्या वाट्याला होते. दर महिन्याला प्रत्येक घरी जायचं, मीटरवरचा आकडा यादीत लिहायचा, यादी ठेकेदाराला द्यायची, आणि त्यावरून बिलं निघायची. वरचा पाडा सगळ्यात शेवटचा. रस्ता संपतो तिथून टेकडी चढावी लागे. चांगुणाताईंचं घर पाड्याच्या तोंडाशीच होतं. नवरा लवकर गेलेला, एकुलती मुलगी मुरबाडला दिलेली. भात आणि नाचणी त्या एकटीच्या जिवावर करायच्या. शिक्षण चौथी. उंचीनं कमी, आवाजानं मुळीच नाही. मला त्या ‘मीटरभाऊ’ म्हणायच्या, आणि पुढे सगळा पाडाच म्हणायला लागला.

एकदा मी आकडा घ्यायला गेलो तर त्या ओटीवर मीटरसमोर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. पण लक्ष तांदळात नव्हतं.

“मीटरभाऊ, ह्यो लाल दिवा लुकलुकतो तो कशापायी?”

“लाइट खर्च होते ना, तिची ती खूण. जास्त खर्च झाली की भरभर लुकलुकणार.”

“म्हंजे हा खातो तवा डोळे मिचकावतो?”

“तसंच समजा.”

पाणी प्यालो आणि निघालो. मी त्यांना शिकवलं ते एवढंच. बाकीचं सगळं त्यांनी स्वतः शोधून काढलं. पुढच्या खेपेला गेलो तर मलाच धडा मिळाला. त्यांनी घरातलं सगळं बंद करून एकेक वस्तू वेगवेगळी लावून पाहिली होती, आणि सूपभर तांदूळ निवडून होईस्तोवर दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजलं होतं. “पंख्याचं काय नाय, गरीब हाय बिचारा,” त्या म्हणाल्या. “फ्रिज मधी मधी झोपतो, मधी मधी उठतो. पण ती इस्त्री आणि पाण्यातली दांडी लावली ना, की मला मोजताच येत नाय. दिवा नुसता थरथरतो.” त्या दिवसापासून पाण्यात घालायची ती हीटरची दांडी माळ्यावर गेली. आंघोळीचं पाणी मागच्या चुलीवर काटक्याकुटक्यांवर तापू लागलं. आठवड्याचे कपडे एकदाच, एका बैठकीत इस्त्री होऊ लागले.

त्यांची एक सवय साऱ्या पाड्याला माहीत होती. कुणाच्याही घरी गेल्या की उजव्या हाताची पाठ तिथल्या वस्तूंना लावून बघायच्या. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात ना, तशी. सुलोचना म्हणून शेजारीण होती, तिच्या घरी मी आकडा घेत असताना हा प्रकार माझ्यासमोर घडला. चांगुणाताई आल्या त्या थेट टीव्हीपाशी गेल्या आणि त्याच्या खालच्या सेट-टॉप बॉक्सच्या डब्याला हात लावला.

“सुले, टीव्ही बंद हाय ना?”

“बंद हाय की.”

“मग ह्याला ताप कशाचा?”

“तो डबा हाय गो आत्या. तो असाच ऱ्हातो.”

“दिसभर कोण बघत नाय, तरी हा आपला जागा. तुझा नवरा पण एवढी ड्युटी करत नाय.”

खाटेवर आडवा झालेला सुलोचनाचा नवरा उठून बसला. “आत्या, मला कशाला मधी घेतेस? मी काय लाइट खातो?”

“तू खात नायस, म्हणून तर तुला बंद करता येत नाय. ह्याला येतो. बटण खालनं बंद कर.”

मग त्यांचा मोर्चा फ्रिजकडे वळला. फ्रिज भिंतीला चिकटून, वर प्लास्टिकचं कव्हर, त्यावर विणलेला रुमाल, त्यावर पिठाचे दोन डबे. “नवरीला पण नाय नटवत एवढी,” चांगुणाताई म्हणाल्या. “अगो, तो पाठीतनं गरम वाफा सोडतो. भिंतीला चेपलास तर कुठं सोडील? वीतभर पुढं ओढ.” एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी कोनाड्यातली एक जुनी लग्नपत्रिका काढली, फ्रिजच्या दारात धरून दार लावलं आणि पत्रिका ओढली. ती अलगद बाहेर आली. “बघ, दाराचं रबर गेलाय. थंडी बाहेर चाललीय, आणि तुझा फ्रिज आख्ख्या घराला गार करत बसलाय.” किन्हवलीहून रबर आणून बसवल्यावर तीच पत्रिका फाटेपर्यंत ओढली तरी निघेना, तेव्हा सुलोचनाने येणाऱ्याजाणाऱ्याला ती जादू करून दाखवली.

एक मात्र सांगितलं पाहिजे. त्या कंजूष नव्हत्या. वाया जातं ते थांबवायचं, लागतं ते नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो त्या कडक पाळायच्या. एका घरात सासूनं बाळंतिणीच्या खोलीतला पंखा बिल येतं म्हणून बंद करून ठेवला होता. चांगुणाताईंनी पंखा लावला आणि सासूला ऐकवलं, “लाइट वाचवायला मी सांगितली, माणूस उकडायला नाय सांगितला.” पोरं अभ्यास करतात तिथे दिवा चांगला हवा, यावरूनही त्या भांडत. पण भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा जळताना दिसला की त्यांचा संताप व्हायचा. “वरनं फुकट येतो तो उजेड कौलं घालून अडवता, आणि तारेतनं इकत घेता.” त्यांनी आपल्या स्वयंपाकघरावर काचेची दोन कौलं बसवली. वर्षभरात पाड्यावरच्या निम्म्या घरांवर ती दिसू लागली. टेकडी चढताना ती उन्हात लांबून चमकायची.

नामदेवच्या म्हशीनं मात्र त्यांचं नाव आसपासच्या पाड्यांवर नेलं. नामदेवचं बिल पावसाळ्यापासून वाढलेलं. घरात दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही. तरी आकडा पळत होता. नामदेवनं मला अडवून शिव्या घातल्या. मीटर पळतं, कंपनी लुटते, वगैरे. चांगुणाताई मध्ये पडल्या. “मीटरला नंतर बोल. आधी घरातली सगळी बटणं बंद कर.” बटणं बंद झाली. आम्ही सगळे मीटरसमोर उभे राहिलो. लाल दिवा लुकलुकला. थोड्या वेळानं पुन्हा लुकलुकला.

“कोण नाय खात, तरी हा चावतो,” त्या म्हणाल्या. मग एकदम विचारलं, “नाम्या, तुझी म्हस हल्ली बाहेर का बांधतोस?”

“गोठ्यात जात नाय. खांबाजवळ नेली की पाय झाडते. बाहेरचं काय तरी झालंय तिला. भगताला विचारणार हाय.”

“भगताला नको विचारूस, वायरमनला विचार. ती चार महिने बोलतेय आणि तुला ऐकू येत नाय.”

गोठ्यात दिव्यासाठी नेलेली वायर पत्र्याखाली खरचटली होती आणि लोखंडी खांबाला टेकत होती. ओल्या जमिनीतून वीज झिरपत होती. वायरमननं जोडणी काढली आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, म्हशीच्या जागी एखादं माणूस ओल्या अंगानं त्या खांबाला टेकलं असतं तर वाचलं नसतं. नामदेवचं बिल उतरलं, म्हैस गोठ्यात गेली. तेव्हापासून नामदेव चांगुणाताईंच्या पाया पडायचा आणि त्या त्याला हाकलायच्या.

यातूनच पौर्णिमेची रीत निघाली. त्या बायकांच्या बचत गटाच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी ठरवलं, दर पौर्णिमेला सकाळी प्रत्येकीनं आपल्या मीटरचा आकडा बघायचा आणि दाराच्या चौकटीवर आतल्या बाजूनं खडूनं लिहायचा. तारीख विसरते, पौर्णिमा कुणी विसरत नाही. मागचा आकडा वर, नवा खाली. शंभर युनिटांच्या पुढे गेलं की दर चढतो, हे बायकांना बिलावरून कळलं होतं, आता महिना अर्धा झाला की त्या एकमेकींना विचारायच्या, “तुझा कुठवर आला गो?” सारवलेल्या ओटीवर बसून बायका मीटरच्या आकड्यांवरून एकमेकींची चेष्टा करतात, हे मी दुसऱ्या कुठल्याच गावी पाहिलं नाही.

आणि इथेच माझी अडचण सुरू झाली. कारण मी दर महिन्याला वरच्या पाड्यावर जात नव्हतो.

टेकडीखाली चहाची टपरी होती. तिथे बसून मी वरच्या पाड्याची यादी भरायचो. मागच्या महिन्याचा आकडा घ्यायचा, घरटी नेहमी किती जळतं ते मला पाठ होतं, तेवढे युनिट पुढे ढकलायचे. दोनतीन महिन्यांनी एकदा वर जाऊन खरा आकडा घ्यायचा, म्हणजे सगळं जुळून यायचं. त्या वर्षी माझी बायको आजारी होती, कल्याणच्या दवाखान्यात फेऱ्या चालू होत्या, आणि मी सहा महिने वर गेलोच नाही. बायकोचं आजारपण खरं होतं. पण ते मी सबब म्हणून सांगणार नाही, कारण ती ठणठणीत होती तेव्हाही मी टपरीवरच बसायचो.

चांगुणाताईंना हे कळलं होतं. कळणारच, चौकटीवर आकडे होते. एकदा किन्हवलीच्या बाजारात भेटल्या तेव्हा हसून म्हणाल्या, “मीटरभाऊ, तुमचा चष्मा तपासा हो. माझा मीटर चालत जातो आणि तुमचा बिल जीपनं.” मी ओशाळून हसलो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पिशवीतून नाचणीच्या पिठाची पुडी काढून दिली. “वहिनींना आंबील करून द्या. अंगात ताकद येते.” मी पुडी घेतली आणि पुढच्या महिन्यात पुन्हा टपरीवर बसून त्यांच्या नावापुढे नव्वद युनिट ढकलले. त्यांचा खरा वापर तेव्हा तिसावर आला होता. न जाळलेल्या विजेचं बिल त्या मुकाट्यानं भरत होत्या.

मग ठेकेदारानं ठणकावलं की पुढच्या फेरीपासून प्रत्येक मीटरचा फोटो पाहिजे. मी वर गेलो. बाकीच्या घरांचं थोडंफार मागेपुढे होतं, ते जुळवून घेता आलं. चांगुणाताईंच्या मीटरवरचा आकडा मात्र मी आधीच लिहून दिलेल्या आकड्यापेक्षा साडेतीनशेनं मागे होता. त्यांनी इतकी वीज वाचवली होती की त्यांचं मीटर माझ्या खोटेपणापर्यंत पोचूच शकलं नव्हतं.

मीटर मागे जात नाही. म्हणजे एक तर मी खोटं लिहिलं होतं, नाही तर कुणी मीटर मागे फिरवलं होतं. यादीच्या शेवटी एक रकाना होता, मीटरबाबत संशय असल्यास खूण करावी. मी खूण केली. माझा गुन्हा एवढाच दिसतो, एक बरोबरची खूण. लिहितानाही हात थांबला नाही.

आठ दिवसांनी तालुक्याहून तपासणी करणारी माणसं जीपनं आली. मलाही बरोबर घेतलं होतं. पाडा गोळा झाला. साहेबानं मीटर खोललं, सील बघितलं, मान हलवली आणि चांगुणाताईंना विचारलं, “बाई, रीडर दर महिन्याला येतो का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्या मागेच ती चौकट होती आणि तिच्यावर पांढऱ्या खडूनं लिहिलेले आठनऊ महिन्यांचे आकडे. नुसतं बाजूला सरकल्या असत्या तरी साहेबाला सगळं दिसलं असतं. त्या सरकल्या. पण उलट. चौकटीला पाठ लावून, पदर पसरून उभ्या राहिल्या.

“येतात की. दर महिन्याला येतात. एवढ्या उन्हाचे बिचारे वर चढून येतात.”

“नक्की?”

“मी कशाला खोटं बोलू? मीटर न्या तुमी. मीटर काय खोटं बोलणार नाय.”

त्यांना वाटलं, मीटर तपासलं की झालं. मीटर साफ निघेल, आणि माझी नोकरीही राहील. पण रीडर दर महिन्याला येतो म्हटल्यावर माझे सगळे आकडे खरे ठरले, आणि त्यांचं मीटर खोटं. साहेबानं पंचनामा केला. मीटर पिशवीत घालून, लाख लावून नेलं. त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

मीटर साफच निघालं; मग आकडा मागे कसा, हे मला कुणी विचारलं नाही. तपासणीत लिहून आलं की कुठलीही छेडछाड नाही. पण त्याला महिना गेला, आणि तो कागद एका पाकिटातून आला. जीप मात्र सगळ्यांसमोर आली होती. “उगाच नाय तिचा आकडा एवढा कमी येत,” असं पहिल्यांदा कोण बोललं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सगळेच बोलत होते. आपल्याही घरी जीप येईल या भीतीनं बायकांनी चौकटींवरचे आकडे ओल्या फडक्यानं पुसून टाकले. गटाच्या बैठकीत सुलोचनानंच मान खाली घालून सांगितलं, “आत्या, काय दिवस दुसरीला बसू दे अध्यक्ष.” चांगुणाताईंनी तो कागद बैठकीत नेला होता. वाचून दाखवायला त्यांनी तो एकीच्या हातात दिला. ती म्हणाली, चष्मा घरी राहिला. कागद परत घेऊन त्या उठल्या. सुलोचनाच्या घरचा डबा तेव्हाही खालनंच बंद होता आणि फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे. सवयी राहिल्या, सवयी लावणारी तेवढी बाहेर गेली. नामदेव एकटा ओरडत फिरला की बाई चोर नाही. पण त्याचं कोण ऐकतं? त्याच्यावर तर उपकार होते.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पावसाच्या आधी मुलगी येऊन त्यांना मुरबाडला घेऊन गेली.

मी मुरबाडला तीनदा गेलो. दोनदा एसटी स्टँडवरूनच परत फिरलो. तिसऱ्यांदा घर गाठलं. मुलगी कामाला गेलेली. चांगुणाताई दारात वाल सोलत बसल्या होत्या. केस पार पांढरे झाले होते, आवाज तोच.

“अगो बया, मीटरभाऊ! या, या. इथला मीटर बघायला आलात?”

चहा झाला. मी शब्द जुळवत होतो, त्या बोलत होत्या. चाळीतल्या बायकांना त्यांनी मीटर वाचायला शिकवलं होतं. “हुशार हायत हो सगळ्या, पण फ्रिज बघाल तर एकजात भिंतीला. सात घरं झाली, चार ऱ्हायलीत.” मग एकदम थांबून म्हणाल्या, “वहिनी गेल्याचं कळलं होतं मला. यायला पाहिजे होतं. पण तवा माझं नाव असं झालेलं, आणि तुमच्या दारात माणसं असतील. म्हटलं, त्यात आणखी मी कशाला?”

मी म्हणालो, “ताई, त्या दिवशी—”

“मीटर साफ निघाला ना?” त्या म्हणाल्या. “मग झालं. चला, तुमची जीप भरून जाईल.”

त्या नाक्यापर्यंत सोडायला आल्या. जीपवाल्याला दरडावलं, “ह्यांना पुढं बसव रे, गुडघे दुखतात त्यांचे.” माझे गुडघे दुखतात हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, चालीवरून त्यांनी ओळखलं असणार. जीप सुरू झाली. त्या पदर खोचून, पाय रोवून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, एखाद्या कामावर देखरेख करायला उभं राहावं तशा. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काय हो, काय ऱ्हायलं?” त्यांनी विचारलं. “काही नाही,” मी म्हणालो. “येतो.”

गेल्या वैशाखात त्या गेल्या. मला पंधरा दिवसांनी कळलं.

त्या दिवशी मुरबाडला जाताना सगळ्या वाटेवर मी जे मनात म्हणत गेलो होतो, ते फार मोठं नव्हतं. ताई, मी दर महिन्याला येत नव्हतो. तुम्ही चौकट झाकलीत ते मी पाहिलं, आणि गप्प बसलो. चोरी मी केली होती. मला माफ करा.